मेलेल्या उमेदवाराचं नाव

निवडणुकीच्या कामात कारकुनी करून करून माझ्या तोंडात एकच वाक्य बसलं होतं : नियमात बसत नाही. त्या वर्षी विधानसभेसाठी मला वैजापूरला पाठवलं होतं. घर शहरात, गारखेड्यात, पण पंधरा दिवस तिकडे फिरकलो नव्हतो. सकाळी उठतानाच अंग दुखायचं.

अपक्षांत एक मेंढपाळ होता. चराईचं रान बंद झालं म्हणून उभा राहिलेला. चिन्ह निवडताना त्यानं विचारलं, "घोंगडी हाय का?" यादीत घोंगडी नव्हती. "मग मेंढरू?" जनावरं चालत नाहीत, मी म्हणालो. त्यानं हसून कपबशी घेतली.

अर्ज मागं घ्यायची मुदत संपल्यावर, मेंढरांच्या तळावरून परतताना वेरूळच्या घाटात त्याची मोटारसायकल घसरली. जागीच गेला.

दहावा व्हायच्या आत त्याची बायको धाकट्या दिराला घेऊन कचेरीत आली. दीर दारातच मान खाली घालून थांबला. ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

"साहेब, त्यांच्या जागी माझं नाव लावा."

"नाही लावता येत, ताई."

"पार्टीवाल्यांचं लावत्यात म्हनं."

ते खरं होतं. मोठ्या, मान्यता असलेल्या पक्षाचा उमेदवार असा गेला, तर मतदान पुढं ढकलतात आणि दुसरं नाव द्यायला पक्षाला सात दिवस मिळतात. अपक्षाला ती सोय नाही. मी तिला हे दोनदा सांगितलं.

"म्हंजी पार्टीचा मानूस मेला तर मेला, आन आमचा मेला तरी जिताच?"

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"मग नाव तरी काढा."

"तेही निघत नाही आता. तसंच राहणार."

मी तिला निवडणूक अधिकारी साहेबांकडं नेलं. साहेबांनी पुस्तक उघडून तोच नियम वाचला. चहा मागवला. तिनं कपाला हात लावला नाही. मग तिनं विचारलं, "आन लोकांनी त्यांनाच मतं देली तर?"

"मोजली जातील," साहेब म्हणाले. "निवडून आले, तर परत निवडणूक घ्यावी लागेल."

"तवा मला उभं ऱ्हाता येईल?"

"येईल."

ती उठली. दिराला म्हणाली, "चला भावजी."

दुसऱ्या दिवसापासून ती गावोगाव फिरू लागली. पारावर उभी राहून सांगायची, "ह्यांना निवडून द्या. मग परत निवडनूक लागंल, तवा मी उभी ऱ्हाते." काही जण हसले. सासरची माणसं म्हणाली, सुतकात बाई भटकते. ती थांबली नाही. हे सगळं तलाठ्यांच्या तोंडून माझ्या कानावर यायचं, आणि मी याद्यांवर शिक्के मारत राहायचो.

तो निवडून आला नाही. मतं मात्र पडली होती. तिच्या गावात तर सगळ्यांपेक्षा जास्त.

निकालानंतर ती पुन्हा आली आणि गावाच्या आकड्यांचा कागद मागितला. रीतसर अर्ज लिहून घ्यायला हवा होता. मला कंटाळा आला होता, त्या सगळ्याचाच. मी नक्कल काढून तिच्या हातात दिली.

तिला वाचता येत नव्हतं. "यात त्यांचं नाव कुठंशी हाय?" तिनं विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं.