जावयाची कडू कॉफी

आज सकाळपासून आभाळ दाटलंय, पण थेंब नाही. प्रवरेकडून दमट वारा येतोय, आणि अशा हवेत दाणा उशिरा फुटतो. तेवढंच मला बसून राहायला मिळतं. भट्टीपुढं बसणाऱ्याकडं गोष्टी राखेसारख्या साठतात. रोज काढून टाकल्या तरी दुसऱ्या दिवशी असतातच. या कॉफीच्या दुकानात आल्यापासून तर राख कमी आणि गोष्टीच जास्त झाल्यात.

दुकान बेकेलेचं. बेकेले इथिओपियाचा. शेतकी शिकायला पुण्याला आला, तिथं आमच्या कोल्हारच्या सुनंदाशी लग्न केलं आणि नगर-मनमाड रस्त्याला कॉफीचं दुकान काढलं. बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. चहूबाजूंनी ऊस आणि मधोमध हा साखर न घालणारा माणूस. मराठी तो सासूकडून शिकला. सासू पुढं वारली, पण हा अजून दचकला की "अगं बया" म्हणतो. सासरा रंगनाथ माझा शेजारी. बायको गेल्यावर त्याला लेक आणि नात एवढंच उरलंय.

*

मी जन्मभर फुटाणे भाजले. एक दिवस बेकेले रुमालात कॉफीचे हिरवे दाणे घेऊन आला. म्हणाला, "नाना, एवढं भाजून द्या." मी भाजले, आणि हाताच्या सवयीनं वरून मीठ-हळदीचं पाणी मारलं. त्यानं तिथंच दाणे कुटले, पाणी उकळलं, प्याला.

"नाना, मीठ नको. हळद बी नको. पन कधी काढायचं ते तुमाला कसं कळलं?"

"आवाजावरनं. पहिल्यांदा मोठ्यानं फुटतंय, मग बारीक. त्याच्या मधी काढायचं."

त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याच्या देशात घरोघरी बायका तव्यावर कॉफी भाजतात, त्याच्या आईचा कान असाच होता म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या भट्टीवर. या वयात कुणी मला आईच्या जागी नेमेल असं वाटलं नव्हतं.

*

आता गावचा जावई म्हणजे सगळ्या गावाचा जावई. त्यानं पुढं केलेलं नाकारायचं नाही, आणि त्याला नाव तर मुळीच ठेवायचं नाही.

दुकान उघडलं त्या दिवशी पन्नासभर माणूस आलं. किसनअण्णा गावातले वजनदार गृहस्थ, पहिला मान त्यांचा. त्यांनी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून म्हणाले, "लई झाक, जावईबापू." मग सगळेच म्हणाले, "झाक."

दुकानामागं शेवगा आहे. एकेक जण हात धुवायच्या निमित्तानं मागं जायचा आणि कप शेवग्याला पाजायचा. रिकामा कप दिसला की बेकेले खूश होऊन पुन्हा भरायचा. काही जणांना चारचार खेपा पडल्या. त्या साली शेवग्याला अशा शेंगा लागल्या की फांदी मोडली.

*

पण बेकेले खुळा नव्हता. तोंडावर झाक म्हणतात आणि बोलावल्याशिवाय फिरकत नाहीत, हे त्याला कळलं. त्यानं खोक्याला भोक पाडून दारात ठेवलं. "नाव लिहू नका. खरं लिहा."

आठ दिवसांनी खोकं उघडलं. सगळ्या चिठ्ठ्यांवर झाक. एका चिठ्ठीवर नुसतं "जावईबापूंना रामराम." आणि खोक्यावर कुणीतरी आहेराचं टॉवेल-टोपी ठेवून गेलेलं.

त्या संध्याकाळी तो सुनंदाला म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. आपनहून कुनी प्यायला आलं तर ऱ्हाऊ. न्हाईतर माझ्या गावाला जाऊ. तिथं निदान वाईट म्हनतील."

रंगनाथ माझ्याकडं आला. "नाना, तुमी सांगा त्याला, कडू लागती म्हनून. साखर घाल म्हनावं."

"तू सांग की. सासरा तू."

"लेक देऊन बसलोय. मला सांगता येतं व्हय?"

मलाही येईना. सुनंदा मला काका म्हणते. आख्ख्या गावात त्याला खरं सांगू शकेल असा माणूस नव्हता. सांगावं तर जावयाचा अपमान, न सांगावं तर लेक साता समुद्रापार.

*

मग रंगनाथनं बाहेरचा माणूस शोधला. ऊसतोडीला पाथर्डीकडून टोळी आली होती, तिचा मुकादम. तोंडाचा फाटका म्हणून त्याची ख्याती. रंगनाथनं त्याला हाताला धरून आणला. "पी आन् काय वाटंल ते बोल. भीड धरू नगं."

मुकादमानं घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं. आम्ही श्वास धरून बसलो. त्यानं शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि समोर सुनंदा दिसली.

"पोरी, तुझी आई कुठली गं?"

तिनं गाव सांगितलं. मुकादमाचंच गाव. तिची आई त्याची चुलतबहीण निघाली.

त्यानं कप खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि बेकेलेला हात जोडले. "लई झाक, भाचीजावई."

*

दिवाळीला आठ दिवस उरले. सुनंदानं बॅगा काढल्या. रंगनाथ नातीचे फ्रॉक घडी घालून द्यायचा आणि ती वळली की पुन्हा उलगडायचा.

अशात गावातले म्हातारे भिवाबाबा वारले. आमच्याकडं मातीहून, म्हणजे मयताहून, परतताना कडुलिंबाचा पाला चावतात, मग घरी जातात. पण घाटावरचा लिंब रस्ता रुंद करताना तोडलेला. शंभरावर माणूस ओल्या कपड्यानं खोळंबलं. तोंड कडू केल्याशिवाय घरी जायचं कसं?

किसनअण्णांनी इकडंतिकडं बघितलं. चालत दुकानात आले. मागं सगळी रांग.

बेकेलेनं कप मांडले. अण्णांनी घोट घेतला. शेवग्याकडं न जाता गिळला, कारण हे गिळावंच लागतं.

"कडू हाय," अण्णा म्हणाले.

बेकेलेचा हात थांबला. "काय म्हनला?"

"कडू. लिंबापरीस कडू."

"जहर हाय," मागून एक जण म्हणाला.

"माझ्या तर जिभंला मुंग्या आल्या."

वर्षभराचं खरं एका दुपारी बाहेर पडलं. बेकेले "अगं बया" म्हणाला, गल्ल्यामागून बाहेर आला आणि अण्णांच्या गळ्यात पडून रडला. लोक हळहळले. परका असून भिवाबाबांवर किती जीव होता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कुणी मेलं नव्हतं, तरी तिघं आले. अण्णा पुढं. "काय करायचं, तोंडाला लागली." बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या.

आता देवळाली प्रवरापासून फोन येतात, "उद्या धा वाजता माती हाय, साठ कप करा." नगरची पोरं मोटारसायकलवर येऊन त्याच रांगेत उभी राहतात, कपाचे फोटो काढतात. ती रांग कशाची, हे त्यांना कुणी सांगत नाही. शेवगा मात्र वाळायला लागलाय.

*

या दमट हवेनं मला चार दिवस खोकला आहे. आज सकाळी रंगनाथ नातीला कडेवर घेऊन भट्टीपाशी आला. माझं खोकणं ऐकलं. मग नातीला खाली ठेवलं, आपल्या गळ्यातला मफलर काढून माझ्या कानाला गुंडाळला आणि म्हणाला, "नाना, जिवाला जपा. तुमच्या मातीला कॉफी भाजायची कुनी?"