उजवी टाच

लाथ दिसली म्हणजे फोटो हुकला, हे फोटोवाल्याचं ठरलेलं वाक्य. डोळ्यांनी पाहून बटण दाबणाऱ्या हौशी मंडळींना तो हे तोंडावर ऐकवायचा, त्यामुळे त्याला मित्र बेताचेच. कराटेच्या स्पर्धांचे फोटो काढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. कुणाचा खांदा आधी हलतो, कोण श्वास रोखतो, सगळं तोंडपाठ.

स्वतःच्या मुलीची खूण तर फारच सोपी. लाथ मारण्याआधी तिची उजवी टाच किंचित उचलली जायची. टाच उचलल्यापासून लाथ लागेपर्यंतचे तिचे फोटो त्याने क्लबच्या जिन्यात ओळीने लावले होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा.

आज अंतिम लढत होती. जिंकेल तिचीच संघात निवड. फोटोवाला मॅटच्या कडेला गुडघ्यावर बसला होता. टाच उचलली, त्याने बटण दाबलं, आणि त्याच क्षणी समोरचीचा ठोसा मुलीच्या छातीवर बसला. एक गुण गेला. पुन्हा टाच, पुन्हा बटण, पुन्हा ठोसा. मुलगी दोन गुणांनी मागे पडली.

त्याने कॅमेरा खाली घेतला. समोरची हीच पोरगी महिन्यापूर्वी जिन्यातल्या फोटोंसमोर बराच वेळ उभी होती, आणि हा मूर्ख खूश झाला होता. मुलीला त्याने टाचेचं कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर सवय मोडली असती, मग नेमका क्षण कळणार कसा?

पंधरा सेकंद उरले. मॅटजवळ फोटोवाल्याने तोंड उघडलं की थेट बाहेर, हा नियम.

तरी तो मुलीला ओरडून म्हणाला, "लाथेआधी तुझी उजवी टाच उचलते. तिला कळतंय."

पंचांनी लढत थांबवली आणि दाराकडे बोट दाखवलं. तो उठून बाहेर गेला. बंद दाराला कान लावून उभा राहिला. आतून एकदम गलका झाला, पण कोणाच्या नावाचा ते कळेना.

अखेर प्रशिक्षक बाहेर आले. मुलीने मुद्दाम टाच उचलली, समोरची फसून पुढे धावली आणि डाव्या पायाची लाथ डोक्यापर्यंत पोचली. तीन गुण, एका गुणाने विजय. फोटोवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागोमाग मुलगी आली. त्याने हात पुढे केले. ती दारातच थांबली.

"कधीपासून माहीत होतं, बाबा?"

"पाच वर्षं."

"म्हणजे गेल्या वर्षी हरले, तेव्हाही."

तो हो म्हणाला.