अक्कलकोटची लॉरी

लॉरी घ्यायची तर बैलासारखी बघून घ्यावी, असं माझं मत होतं आणि आजही आहे. उभा बैल कुणालाही देखणा वाटतो. त्याला बसलेला गाठावा आणि उठताना बघावा. मागच्या पायांवर जोर देताना जरा जरी अडखळला, तर किती का पांढराशुभ्र असेना, आपण पुढच्या दावणीकडं वळावं. लॉरीचंही तेच. तापलेल्या इंजिनाची प्रत्येक लॉरी गुणी असते. खरी परीक्षा सकाळच्या गारव्यात, हँडल मारल्यावर. म्हणून मी येतोय असं कुणाला आधी कळवत नसे. अंगणात शिरलो की पहिल्यांदा इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवायचा. कोमट लागलं की रामराम.

असे रामराम घालण्यात माझा सगळा उन्हाळा गेला. तेव्हा शुक्रवार पेठेत माझ्या बैलगाड्या होत्या. खळ्यावरून भुईमुगाच्या शेंगा पेठेत आणायच्या, हा धंदा. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. जे होतं ते मी एकेक चाक जोडून उभं केलेलं. पण रस्त्यावर लॉऱ्या धावू लागल्या आणि माझे बैल अर्ध्या वाटेत रवंथ करत असताना माझंच गिऱ्हाईक धूळ उडवत पुढं जाऊ लागलं. वर हातही हलवायचं! शेंगांच्या हंगामाआधी स्वतःची, स्वतः चालवायची लॉरी दारात उभी करायची, नाहीतर धंदा सोडायचा. दुसरी वाट नव्हती.

चालवायला मला मेहुण्यानं शिकवलं. बायकोचा धाकटा भाऊ, प्रवासी मोटारीवर ड्रायव्हर होता. हसरा, जिभेनं तिखट. माळावर मी दात-ओठ खाऊन गिअर ओढत असलो की म्हणायचा, "दाजी, गिअर हाय त्यो, बैलाचं शेपूट न्हवं. पिरगाळू नगा." त्याच्यावर माझा जीव होता, हे आधीच सांगून ठेवतो.

लॉऱ्या बघायला त्यालाच बरोबर नेत असे. एकीला भरीव रबराची चाकं होती. पेठेतून चौकापर्यंत बसलो तर मणके मोजून घ्यावे लागले. एकीच्या खाली मालकानं सकाळीच नवी वाळू पसरली होती. मी पायानं उकरली, तर खाली सगळी माती तेलानं काळी. मालकाला विचारलं, "रांगोळी काय सणाची घातली व्हय?" तिथं मारामारी व्हायची तेवढी राहिली.

मग अक्कलकोटच्या एका म्हाताऱ्या अडत्याची लॉरी विकायची आहे, असं कानावर आलं. त्याचं बोलणं अर्धं कानडी. "बर्री, बर्री," म्हणत त्यानं आम्हाला आत घेतलं. लिंबाखाली ती उभी होती. लहानशी, रंग कधीकाळी हिरवा असावा. हवेची चाकं. लाकडी साटा इतका बेतानं बसवलेला, की पोतं खांद्यावरून थेट आत जावं, शिडी लागू नये. मी झाकणावर हात ठेवला. गार. खाली वाकून स्प्रिंगांचे पाटे बघितले; दोन्ही बाजू सारख्या. शेताच्या बांधापर्यंत जाईल आणि ओली काळी माती लागली तरी रुतणार नाही, इतकी हलकी. मेहुण्यानं हँडल मारलं. माशी बसल्यावर गाय कातडी थरथरवते, तशी ती एकदा थरथरली आणि एका लयीत बोलू लागली.

मेहुणा माझ्या कानाशी आला. "दाजी, ही सोडायची न्हाय."

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. विकणाऱ्यासमोर मालाची तारीफ करतात होय?

अडत्या तोंडानं भाव सांगायला तयार नव्हता. "तोंडानं भाव कांद्याचा सांगायचा री," म्हणाला आणि खांद्यावरचं उपरणं आमच्या हातांवर टाकलं. बैलबाजारात करतात तसंच. कापडाखाली बोटं दाबून बोली चालते. बघणाऱ्याला काही कळत नाही. हात आत असेपर्यंत तिसऱ्यानं मध्ये पडायचं नाही. हात बाहेर काढला की सौदा मोडला, मग कुणीही बसावं. आणि दुसरा एक नियम, कुणी बोलून न दाखवलेला, पण लहान पोरालाही ठाऊक असलेला : जो सोबतीला आला, तो बोलीत उतरत नाही.

बोटं चालू झाली. तो माझं बोट दाबी, मी त्याचं. होता होता एका बोटाचा फरक राहिला आणि तो काही सोडेना. माझं डोकं तापलं.

"लॉरी हाय का अंबारीचा हत्ती?"

"हत्ती न्हाय री. पण गाढव बी न्हाय."

मी हात काढला, उपरणं त्याच्या अंगावर टाकलं आणि दरवाजाकडं चालू लागलो. ही माझी जुनी रीत. माझे सगळे बैल मी असेच घेतले. दरवाजापर्यंत जायचं, मागं बघायचं नाही. बघितलं की भाव चढतो. मागून हाक येतेच.

उंबऱ्याशी पोचलो. हाक आली नाही. ओसरीवर एक चुनाभट्टीवाला मघापासून पान चघळत बसला होता, तो उठल्याचं ऐकू आलं. तरी मी मागं बघितलं नाही. मग म्हातारा हसला, म्हणून वळलो. उपरण्याखाली मेहुण्याचा हात होता. बघता बघता त्यानं तो बाहेर काढला आणि कमरेचा रुपया विसार म्हणून अडत्याच्या तळहातावर ठेवला.

"हे काय रं?"

"दाजी, हात तुमी काढला की. त्यो चुनेवाला उठला हुता. म्या बसलो नसतो तर गेलीच हुती."

"सोबतीला आलेला बोलीत उतरतो? कुठल्या बाजारात बघितलंस?"

"न्हाय उतरत. पर लॉरी घरातच ऱ्हायली न्हवं? दोगं मिळून चालवू की."

"तुझ्या लॉरीवर मी गडी?"

"गडी कुटं म्हनलं, दाजी?"

"मग विसार माझ्या नावानं का नाही दिलास?"

तो हँडल उचलून लॉरीकडं वळला. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. म्हातारा म्हणाला, "घरचंच भांडण री, पान घ्या." मी पान घेतलं नाही.

महिनाभरात मी नवी, थोराड लॉरी घेतली. जिद्दीनं घेतली. ती पहिल्याच ओढ्यात रुतली आणि बैल लावून काढावी लागली. बैलही दुसऱ्याचे, कारण माझे मी विकून बसलो होतो. खळ्यावर ती जाईना, म्हणून गिरण्यांच्या कापसाच्या गाठी वाहायला लावली. पक्का रस्ता, बांधलेलं काम. त्यात माझं बस्तान बसलं. एकीच्या तीन झाल्या. आज लोक मला शेठ म्हणतात.

पण गिरणीच्या फाटकाशी पहारेकऱ्याच्या मर्जीची वाट बघत उभं राहावं लागलं, की मला खळी आठवत. ओल्या शेंगांच्या ढिगाचा वास. पोती भरेपर्यंत शेतकऱ्यानं पुढं सरकवलेली भाकरी आणि ओली चटणी. वाटेत हात करून थांबवणाऱ्या, टोपलं आधी वर चढवून मग "लेकरा, वेशीपतूर सोड की रं," म्हणणाऱ्या म्हाताऱ्या. हे सगळं आता मेहुण्याचं होतं. त्याची लॉरी गावोगाव ओळखीची झाली, असं लोक मला मुद्दाम सांगत.

आमचं येणंजाणं तुटलं. म्हणजे मी तोडलं. बायको काही वर्षं सोसत राहिली. एका पंचमीला मात्र म्हणाली, "माझं म्हायेर तुमच्या त्या लॉरीच्या चाकाखाली किती दिस ठेवनार?" उत्तराची वाट न बघता ती गेली.

परत आली ती त्याच लॉरीतून. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला आणि मी न बघता ओळखला. मी आतल्या खोलीत होतो, पान लावत होतो. बायको उतरली. केसांत धूळ, ओटीत शेंगा. दारातून म्हणाली, "आलाय त्यो. चाक हातात घेऊन बगा म्हनतोय एकदा. आपनहून म्हनतोय."

"चढाला दम लागतो का गं तिला?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? भाईर जाऊन इचारा की."

बाहेर इंजिन चालूच होतं. त्यानं ते बंद केलं नव्हतं. तीच लय, अजून कुठं खरखर नाही. गल्लीतली पोरं भोंगा वाजवत होती आणि तो त्यांना दटावत नव्हता. बायको दाराला टेकून माझ्याकडं बघत राहिली. मी कात काढला, चुना काढला, पानाचे देठ खुडले, खुडलेले पुन्हा खुडले. खोलीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत असं अंतर ते किती!

बऱ्याच वेळानं गिअर पडल्याचा आवाज आला. हलक्या हातानं टाकलेला, जरासुद्धा न कुरकुरता. मग ती पेठेच्या वळणावरून गेली.

बायकोनं ओटीतल्या शेंगा सुपात ओतल्या आणि ती आत निघून गेली.