खंडेनवमीची कार्बाइन

जर्मनीत, डार्मश्टाटच्या नेमबाजी क्लबात मी निव्वळ हौसेपोटी गेलो आणि तीन वर्षांत एका कार्बाइनचा मालक होऊन बसलो. पिस्तुलाच्याच गोळ्या चालणारी ही आखूड रायफल. मेकॅनिकल इंजिनिअरला आणलेली वस्तू आहे तशी वापरवत नाही. आधी मी दस्ता बदलला, मग ट्रिगर, मग लाल ठिपका दाखवणारी महागडी साइट बसवली. प्रत्येक बदल नियमात बसतो ना, हे चारचारदा विचारायचो. मुळात मी भित्रा आहे, आणि त्यात नागरिकत्वाचा अर्ज दिलेला. परवाना गेला तर तोही जाणार, असं मी धरूनच चाललो होतो.

नियम साधा होता. हत्यार तिजोरीत राहील, किल्ली फक्त माझ्याकडे. बाहेर काढलं तर क्षणभरही दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचं नाही.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. खंडेनवमीला सकाळी म्हणाल्या, "अहो, घरात हत्यार असून पूजा नाही?" माझे वडील त्यांच्या वर्कशॉपमध्ये लेथलाही हार घालायचे. मला नाही म्हणवेना. बायको ऑफिसला गेली होती. मी कार्बाइन रिकामी असल्याची खात्री केली आणि पाटावर ठेवली. सासूबाईंनी दस्त्याला हळदकुंकू लावलं. समई मात्र तळघरातल्या खोक्यात होती. ती आणायला मी खाली गेलो. असेन दहा मिनिटं.

वर येऊन दार लावतोय तोच इमारतीच्या खालच्या दाराची बेल वाजली. शस्त्र परवाना कार्यालयातून दोघं आले होते, न कळवता तपासणीला. तीन मजले, लिफ्ट नाही. ते चढून येईपर्यंत मी कार्बाइन तिजोरीत कोंबली. घाईत किल्ली दोनदा पडली.

तिजोरी उघडून दाखवली तेव्हा त्या दोघांपैकी ज्या बाई होत्या, त्या कुंकवाकडे बघत राहिल्या. मी पूजेचं सांगितलं. त्या छान हसल्या. मग विचारलं, "आणि तेवढा सगळा वेळ तुम्ही खोलीतच होतात?"

"गेनाऊ," मी म्हणालो. अगदी बरोबर, म्हणून.

"मग या आजींना विचारता का? फक्त नोंदीसाठी."

सासूबाईंना जर्मन येत नव्हतं, म्हणून मीच त्यांना मराठीत विचारलं. खोटं विचारायचं सुचलं नाही, जसंच्या तसं विचारलं.

"नाही हो," त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "तुम्ही समई आणायला गेला होतात ना? पण मी होते की. जागची हलले नाही, हातसुद्धा लावला नाही. सांगा त्यांना."

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. बाईंचं पेन कागदावर टेकलेलं.

"या," मी म्हणालो. जर्मनमधलं हो, म्हणून.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि आभार मानून दोघं गेले. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"मी एवढं बोलले," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही एकच शब्द सांगितलात?"

"जर्मनमध्ये थोडक्यात होतं," मी म्हणालो.

"असं होय," त्या म्हणाल्या आणि समाधानाने समई पुसायला बसल्या. त्यांना ते खरं वाटलं होतं. माझं खोटं इतक्या सहज पटलं होतं, की मला माझीच भीती वाटली.