शेवटच्या रविवारचं गाणं

महायुद्धात रॉकेल मिळेनासं झालं, म्हणून आमच्या गावातल्या गाण्याच्या बैठका दुपारी ठेवाव्या लागल्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चार वाजता, कृष्णेकाठच्या धर्मशाळेत. त्यामुळे गावाला भीमपलास आणि मुलतानीच काय ते ठाऊक झाले. रात्रीचे राग ऐकायचे तर सांगली गाठावी लागे.

बैठका चालवणारे आम्ही तिघं. बुवा घरी गाणं शिकवायचे. मिरजेचे गवई त्यांच्या शब्दाखातर येत. दुसरा हवालदार, लढाईत पाय जायबंदी होऊन परतलेला. तो लंगडत जाजम अंथरायचा आणि मध्येच कुणी बोललं तर त्याच्याकडे नुसता बघायचा. तिसरा मी, मराठी शाळेतला मास्तर. पाहुण्याला स्टेशनावरून आणणं, त्याच्या जेवणाचं बघणं माझ्याकडे. बुवा ब्राह्मण, आम्ही दोघं मराठे, ऊस पिकवणाऱ्या घरांतले. हे तेव्हा सांगायची गरज पडत नसे.

सुरुवातीला वीसेक माणसं यायची, पुढे पुढे पायऱ्यांवरही जागा उरेना. पहिल्या रांगेत एक गुऱ्हाळवाला बसे. त्याला रागाचं नाव सांगता आलं नसतं, पण समेवर त्याची मान बरोबर हलायची. हा समोर असला की गाणाऱ्याला बळ येतं, असं बुवा म्हणत.

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीअखेर दिल्लीत राष्ट्रपित्याचा खून झाल्याची बातमी आली. मारणारा ब्राह्मण होता हेही पाठोपाठ कळलं. शाळा बंद होती. दोन दिवसांनी सकाळी हवालदार माझ्याकडे आला. शेजारच्या गावात ब्राह्मणांची घरं पेटवलीत, बुवांना आत्ताच हलवायला हवं, म्हणाला.

आम्ही गेलो तेव्हा बुवा आईला भरवत होते. म्हातारीला चालवत नव्हतं. हवालदारानं तिला उचलून घेतलं. बुवा दारापर्यंत आले आणि थांबले.

"तंबोरे आत आहेत," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या बुवा. मानसं वाचली पायजेत."

तो त्यांना मागच्या बोळानं आपल्या घरी घेऊन गेला. जाताना मला दारात उभं राहायला सांगून गेला. मास्तर दारात दिसला तर लोक थबकतील, असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं. काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं.

जमाव वळणावरून आला. बरेच जण परगावचे होते. पुढे गुऱ्हाळवाला होता, हातात रॉकेलचा डबा घेऊन.

"मास्तर, बाजूला व्हा," तो म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता.

मी बाजूला झालो.

तंबोऱ्यांचे भोपळे तडकले असतील तर ते मला ऐकू आलं नाही. वासे कोसळण्याचाच आवाज मोठा होता.

बुवा आठ दिवस हवालदाराकडे राहिले. तेवढे दिवस हवालदार उंबऱ्यावर बसून होता. मग बुवा आईला घेऊन पुण्याला गेले.

एप्रिलमध्ये हवालदारानं हट्ट धरला. दोन बैठका चुकल्या, तिसरी चुकली तर कायमची मोडंल, म्हणाला. मिरजेहून एक तरुण गवई यायला तयार झाला. ऐकायला आम्हा दोघांना धरून चौदा माणसं होती. त्यांत गुऱ्हाळवालाही होता, तो नेहमीच्या जागी बसला. हवालदार त्याच्यापाशी गेला.

"ऊठ."

"म्या ऐकाय आलोय."

"ऊठ रं."

तो उठला. त्याच्यामागोमाग आणखी नऊ जण उठले आणि बाहेर गेले. गवई उरलेल्या चौघांसमोर तासभर गायला. त्या चौघांत मी होतो. मला कुणी ऊठ म्हणालं नाही. दारात काय झालं ते हवालदाराला ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, मला ढकलून लोक आत शिरले. मी ते खोडून काढलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही दोघांनी जाजमाची घडी घातली. पुढच्या रविवारचा विषय ना त्यानं काढला, ना मी.

पुढच्या वर्षी मी पुण्यात बुवांकडे गेलो. एका खोलीत राहत होते. आई अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यातच गेली होती. त्यांनी हवालदाराच्या पायाची चौकशी केली, शाळेची केली.

"मास्तर, दारात तुम्ही होतात," ते म्हणाले. "पुढे कोण होतं?"

"गर्दी होती बुवा. कुणी ओळखू आलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

चहा झाल्यावर ते मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. शिकवणीची वेळ झाली होती, म्हणून तिथूनच परत फिरले.