जास्तीचं एक झाकण ऑइल

मंडळी, आज डोकं लई फिरलंय.

आमच्या अण्णांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चढावर दम टाकते म्हणून इथंच सल्ला मागितला होता. कुणी म्हणालं मोठा कार्ब्युरेटर बसव, कुणी म्हणालं बोअर किट घाल, कुणी रेसिंगचा सायलेन्सर सुचवला. महिनाभर मी नुसते पार्टचे फोटो बघत बसलो.

आज यादी घेऊन क्रांती चौकाजवळ आमच्या मेकॅनिककडं, सलीमभाईंकडं गेलो. त्यांनी यादी वाचलीच नाय. जुना सायलेन्सर काढला, तापवला, ठोकला. ओंजळभर काजळी पडली!

"पेट्रोलमधी ऑइल कितना डालते?"

"मापानं. अन् वर एक झाकण जास्त. इंजिनाला बरं असतं, असा अण्णांचा नियमच हाय."

"अरे मियाँ, उसी का ये कार्बन जमके तो दम घुटरा इसका! पार्ट कायको बदलते?"

तोच सायलेन्सर परत बसवला, तर गाडी गारखेड्यापर्यंत वाऱ्यासारखी आली.

घरी अण्णांनी एक चक्कर मारली. खुशीत उतरले अन् म्हणाले, "बघ, म्हणलो नव्हतो? सगळी त्या जास्तीच्या झाकणाची कमाल हाय."

आता ह्यांना कसं समजवावं, तुम्हीच सांगा. उद्या पेट्रोल भरायला तेच चाललेत.