टाकी रिकामी ठेवू नये

"अरे, ओढ अजून जोरात! आमचे हे तर एका हाताने सुरू करायचे," मंगलाकाकू गॅरेजच्या दारातून म्हणाल्या.

"काकू, माझा खांदा निखळेल, पण हे सुरू नाही व्हायचं," म्हणत मी त्यांच्या स्नो ब्लोअरच्या स्टार्टरची दोरी सोडून दिली.

मी एडिसनमध्ये छोटी इंजिनं दुरुस्त करतो. उन्हाळ्यात गवत कापायचे लॉन मोअर, हिवाळ्यात स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून बाजूला भिरकावणारं मशीन. 'सुरूच होत नाही' या तक्रारीवरच माझं घर चालतं. पण काकूंची निकड वेगळी होती. काका उन्हाळ्यात गेले. मुलगा निखिल टेक्सासला, प्लेनोत. त्याचं एकच टुमणं: घर विक, माझ्याकडे ये, तिथला बर्फ कोण काढणार? काकूंना घर सोडायचं नव्हतं. "मी काढून दाखवते," असं त्यांनी त्याला ठणकावलं होतं. रविवारी बर्फ पडणार होता आणि मशीन ढिम्म.

आधी स्पार्क प्लग काढून पाहिला. ठिणगी झकास पडत होती. मग हवा आत जाते तिथे चटकन पेट घेणारा स्प्रे मारून दोरी ओढली. इंजिन जरा फुरफुरलं आणि गप्प झालं. म्हणजे इंजिन ठणठणीत, पण त्याच्या पोटात काही पोचत नव्हतं. टाकीचं झाकण उघडलं तर तोंडोतोंड भरलेली. वास जुन्या व्हार्निशचा.

"हे कधी भरलंय?"

"मागचा हिवाळा संपला तेव्हा ह्यांनी भरलं. म्हणायचे, तांदळाचा डबा आपण कधी रिकामा ठेवतो का? मग टाकी तरी का ठेवायची? मधूनमधून चालवायचे, ताजं घालायचे. यंदा कोण करणार?"

घ्या! इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. तो काही महिने पडून राहिला की खराब होतो आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग. त्यातलं भोक सुईच्या टोकाएवढं. ते बुजलं की खेळ खलास.

मी टाकी उपसायला नळी लावली, तशा काकू जवळ आल्या.

"तळाशी थोडं राहू दे रे. ह्यांच्या हातचं शेवटचं आहे."

"काकू, थेंबभरसुद्धा नाही ठेवता येणार. पुन्हा हेच होईल."

"बरं," म्हणाल्या आणि कॅन भरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. काय करणार, काम ते काम.

कार्ब्युरेटर खोलून साफ केला, ताजा गॅस घातला. मशीनला इलेक्ट्रिक स्टार्टही होता, काकांनी तो कधी वापरलाच नव्हता. वायर भिंतीत लावायची आणि बटण दाबायचं, दोरी ओढायची गरजच नाही. बटण काकूंनाच दाबायला लावलं. मशीन धडधडलं, तशा त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "आता बोल म्हणावं निखिलला!"

सोमवारी त्यांचा फोन आला.

"संजय, पहिल्याच बटणाला सुरू झालं रे. ड्राइव्हवे गॅरेजच्या दारापासून अगदी रस्त्यापर्यंत मोकळा केला."

"वा काकू! जिंकलात की!"

"हो ना. मग खिडकीत बसले. दिवसभर एक गाडी आत आली नाही. मी कोणासाठी काढला रे बर्फ?"

मी हातातला पाना खाली ठेवला.

"निखिलला सांगितलं, लाव घर मार्केटमध्ये."

घर विकून जाताना काकू मशीन मलाच देऊन गेल्या. "प्लेनोत नेऊन त्याचं काय लोणचं घालू?" गाडीत बसल्यावर काच खाली केली. "रिकामं नको हं ठेवूस."

सीझन संपला की टाकी कोरडी करा, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. ते एक मशीन सोडून. त्यात ताजा गॅस भरतो, तो टिकावा म्हणून स्टॅबिलायझर घालतो आणि अधूनमधून चालवून बघतो. पहिल्याच बटणाला सुरू होतं. माझ्या हातात एवढंच होतं.